बत्तीस चौकोनांचा हिशेब : चेन्नईत कोन्नक्कोल शिकताना

तबला थोडाफार येतो, पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणायची सवय आहे, म्हणजे कोन्नक्कोल दोन महिन्यांत जमेल असा अंदाज बांधून कुणी शिकायला बसणार असेल, तर त्याने हे आधी वाचावं. मला साडेअकरा महिने लागले. त्यातला खरा अवघड तुकडा जेमतेम सोळा सेकंदांचा होता.

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. दक्षिणेच्या कर्नाटक संगीतात मृदंगाचे बोल तोंडाने, तालात, वाद्याशिवाय म्हणायची कला म्हणजे कोन्नक्कोल. त्या बोलांच्या बांधणीला सोल्कट्टु म्हणतात. तमिळमध्ये सोल् म्हणजे शब्द, कट्टु म्हणजे मोळी. आणि या मोळ्या तालात नेमक्या बसवायच्या गणिताला तिकडचे वादक सरळ ‘कणक्कु’ म्हणतात, म्हणजे हिशेब. वाण्याच्या दुकानातही हाच शब्द चालतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये शोध सुरू केला. पहिला अर्ज एका संगीत संस्थेच्या अर्धवेळ वर्गाला. अर्जाचे दीडशे रुपये, दोन फोटो, आधारची प्रत. अर्ज तमिळमध्ये, आणि त्यात आडनावाला जागाच नाही. नावाआधी आद्याक्षराची चौकट असते आणि तिथे वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर अपेक्षित असतं. मी आडनावाचं अक्षर घातलं, वडिलांचं नाव खाली वेगळं लिहिलं, आधारवर तिसराच क्रम. अर्ज परत आला. तमिळनाडूत राहणाऱ्या मराठी माणसाने हे पाठ करून ठेवावं: आद्याक्षर वडिलांच्या नावाचं, पुढे स्वतःचं नाव, आणि शेजारी कंसात आधारवरचं पूर्ण नाव जसंच्या तसं. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की कोन्नक्कोलचा वेगळा वर्ग नाही, मृदंगाला नाव घाला, त्यातच ते येतं.

हे उत्तर पुढे आणखी दोन ठिकाणी मिळालं, आणि ते खोटं नाही. मृदंग शिकणारा प्रत्येक जण आधी तोंडाने म्हणतो, मग हाताने वाजवतो. नुसतं तोंडाने म्हणणारे कमी. पूर्वी कचेरीत, म्हणजे तिकडच्या मैफलीत, कोन्नक्कोलला स्वतःची बैठक असे. मन्नारगुडी पक्किरिया पिळ्ळै हे त्यातलं गाजलेलं नाव. आता मैफलीत ते बहुधा तनि आवर्तनात, म्हणजे तालवाद्यांच्या स्वतंत्र वादनात, काही मिनिटांपुरतं येतं. म्हणून ‘कोन्नक्कोल शिकवता का’ असं विचारण्यापेक्षा ‘मृदंग न घेता सोल्कट्टु शिकवाल का’ असं विचारावं. मला होकार या प्रश्नाला मिळाला.

मैलापुरातले एक मृदंगाचे सर तयार झाले, दोन अटींवर. वेगळी वेळ मिळणार नाही, शनिवारी सकाळी साडेसहाला नऊ ते बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसायचं. आणि आरंभ विजयादशमीलाच होईल. फी तासाला पाचशे, महिन्याला चार तास. विजयादशमीला पाच आठवडे होते. तोवर काय करू विचारलं, तर म्हणाले, “हात तयार कर. तोंड नंतर.”

हात म्हणजे आदि तालाची क्रिया. उजवा तळवा मांडीवर: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, ही झाली चार. मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. एकूण आठ. उलटा हात म्हणजे वीच्चु. तो आपल्या तबल्यातल्या ‘खाली’सारखा, म्हणजे बिनटाळीच्या मात्रेसारखा दिसतो, पण खाली नाही. तिथे बोल बंद होत नाहीत, वजन बदलत नाही. तबल्याच्या सवयीने मी पाचव्या टाळीला आवाज मोठा करायचो आणि सहाव्याला दबवायचो. दोन्ही चूक. सगळ्या आठ खुणा सारख्या वजनाच्या. रोज वीस मिनिटं, मेट्रोनोम मिनिटाला साठ टिकटिकांवर, तोंड बंद ठेवून, शक्यतो बातम्या ऐकत. बातम्या ऐकताना हात चुकत नाही अशी वेळ आली की पहिला टप्पा झाला. मला सव्वा महिना जेमतेम पुरला.

२४ ऑक्टोबर २०२३, मंगळवार, विजयादशमी. ताटात पानसुपारी, केळी, नारळ, एक साधी वेष्टी (तिकडचं धोतर) आणि एकशे एक रुपये. सगळं मिळून सातशेच्या आसपास. पहिला पाठ चार अक्षरांचा: त, दि, तों, नं. प्रत्येक अक्षर एका टाळीला एक, मग एका टाळीला दोन, मग चार. याला तीन काल म्हणतात. अर्धा तास एवढंच.

इथे मराठी विद्यार्थ्याचे दोन घोटाळे ठरलेले. पहिला मात्रेचा. आपण तबल्यात टाळीला मात्रा म्हणतो, तीनताल सोळा मात्रांचा. तिकडे आदि तालाची आठ ‘अक्षरं’, आणि एका अक्षरात, नेहमीच्या चतुरस्र नडैत, म्हणजे चाराच्या चालीत, चार मात्रा. म्हणजे एका आवर्तनात, तालाच्या एका फेऱ्यात, बत्तीस मात्रा. सर ‘दोन मात्रा सोड’ म्हणाले की मी दोन टाळ्या सोडायचो. पुढे या लेखात तालाचं अक्षर म्हणजे हाताची खूण आणि मात्रा म्हणजे तिचा चौथा हिस्सा असंच धरावं; बोलातलं अक्षर मात्र नेहमीचंच, तोंडाने उच्चारायचं.

दुसरा घोटाळा छापील कागदांचा. बोल रोमन लिपीत छापलेले असतात आणि दक्षिणेत ‘त’साठी टी-एच, ‘द’साठी डी-एच लिहितात. आपण ते थ आणि ध वाचतो. तकदिमिचं ‘थकधिमि’ होतं. संथ लयीत फरक पडत नाही, पण सेकंदाला पाच-सहा अक्षरं म्हणायची वेळ आली की प्रत्येक महाप्राणाला श्वास खर्च होतो आणि आवर्तन संपायच्या आत दम जातो. पहिल्याच दिवशी सगळे कागद देवनागरीत उतरवून घ्यावेत: तकिट, तकदिमि, तकजुणु, तदिगिणतों. जीभ दातांमागे, जबडा जवळपास स्थिर.

नोव्हेंबरभर पाच जाती. तीनची तिस्र: तकिट. चारची चतुरस्र: तकदिमि. पाचची खंड: तकतकिट. सातची मिश्र: तकिटतकदिमि. नऊची संकीर्ण: तकदिमितकतकिट. पाच म्हणजे दोन आणि तीन, सात म्हणजे तीन आणि चार, नऊ म्हणजे चार आणि पाच. सगळी बांधणी दोन, तीन, चारच्या विटांची. पाचला हमखास काय बिघडतं तर माणूस घाईत चार म्हणतो आणि पाचवं अक्षर लांबवतो. ‘चला जाऊया’ हे पाच अक्षरी मराठी म्हणून पाहिलं, दोन अधिक तीन, दोन दिवस उपयोग झाला. मग त्यातले दीर्घ स्वर लय ओढायला लागले, तेव्हा सोडून दिलं.

चारच्या चौकटीत तीन म्हणणं हा पहिला खरा धक्का. हात आदि तालात, एका अक्षराला चार मात्रा, आणि तोंडात सलग तकिट तकिट तकिट. ‘त’ टाळीवर येतो, मग सरकतो, आणि बारा मात्रांनी, म्हणजे तीन अक्षरांनी, पुन्हा टाळीवर येतो. कारण साधं: तीन आणि चारचा लसावि बारा. शाळेतला लसावि इतका अंगावर कधी आला नव्हता. तोंडात पाच असेल तर वीस मात्रांनी, सात असेल तर अठ्ठावीस मात्रांनी भेट. बत्तीसला तीनने भाग जात नाही, म्हणून एका आवर्तनात दहा तकिट आणि वर दोन मात्रा. ते ‘तक’ म्हणून भरायचे. किंवा न थांबता तीन आवर्तनं म्हणायची: शहाण्णव मात्रा, बत्तीस तकिट, आणि सम, म्हणजे तालाची पहिली टाळी. सगळ्या मुलांना हे जमत होतं. मला मात्र प्रत्येक ‘त’ला टाळी द्यावीशी वाटायची, आणि ताल आठाचा सोडून सहाचा व्हायचा. सरांचं वाक्य ठरलेलं: “कणक्कु सरि, ताळम् पोच्चु.” हिशेब बरोबर, ताल गेला.

यावर एकच उपाय लागू पडला. तोंडाचं जोरात म्हणणं बंद, कुजबुजायचं. हाताची टाळी मात्र मांडीवर खणखणीत. चार-पाच दिवसांनी आवाज हळूहळू वाढवायचा. उलटं केलं तर तोंड हाताला ओढतं. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं की टाळ्यांमधलं अंतर कुठे कमी झालं ते लगेच कळतं. म्हणताना अजिबात कळत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला मिचौंग चक्रीवादळ आलं. वेळचेरीत पाणी, वीज नाही, नेटवर्क नाही, दोन शनिवार गेले. मेट्रोनोमही फोनमध्येच असल्याने तोही गेला. त्या दिवसांत भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर सराव केला, तोही बरोबर साठचाच मेट्रोनोम. ही सूचना गमतीची वाटेल, पण स्क्रीनकडे न बघता सराव करायची सवय तिथूनच लागली.

मग मार्गळीचा संगीतोत्सव. चेन्नईत डिसेंबर-जानेवारीत सभांमधून, म्हणजे संगीतसंस्थांमधून, सकाळपासून कचेऱ्या असतात, दुपारच्या बऱ्याच फुकट. शिकणाऱ्याने त्यांचा एक वेगळा उपयोग करावा: शेवटच्या रांगांत बसून पूर्ण मैफलभर हाताने ताल धरावा. कुणी वळून बघत नाही, निम्मं सभागृह तेच करत असतं. तनि आवर्तन सुरू झालं की काही मंडळी कँटीनकडे निघतात. आपण तेव्हाच जागा सोडायची नाही. मृदंग, घटम, खंजिरा आळीपाळीने वाजतात, तुकडे लहान होत जातात, मग मोहरा, मग कोर्वै हा शेवटचा बांधीव तुकडा, आणि गायक पल्लवीची ओळ नेमकी उचलतो. मोहरा हा शब्द आपल्याकडे समेआधीच्या लहानशा तुकड्याला आहे. तिकडचा मोहरा लांब आणि साचेबंद असतो, आता शेवट येतोय याची ती सूचना. एकच नाव, काम वेगळं. मराठी कानाला मृदंगाच्या त्या जगात असे ओळखीचे चेहरे भेटत राहतात. तंजावरच्या मृदंगपरंपरेत आदराने घेतलं जाणारं एकोणिसाव्या शतकातलं नाव नारायणस्वामी अप्पा, तेही मराठीच.

पहिल्या दहा कचेऱ्यांत तनि सुरू झाल्यावर माझा ताल सरासरी तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सुटला. सुटला की पुन्हा पकडायला वादकाकडे बघू नये, गायकाच्या हाताकडे बघावं. तो मांडीवर ताल देत असतो.

जानेवारी-फेब्रुवारीत नडै. आधी एका अक्षरात चार मात्रा होत्या. आता हात तसाच, पण एका आवर्तनात चार, पुढच्यात तीन, मग पाच, सात, नऊ. हाताची गती तसूभर बदलायची नाही, हीच सगळी परीक्षा. मेट्रोनोम पन्नासवर ठेवला तर नऊच्या वेळी सेकंदाला साडेसात अक्षरं होतात, म्हणून पन्नासच्या वर जाऊच नये. उडी चारवरून पाचला जड आणि पाचवरून चारला त्याहून जड, कारण उतरताना हात मंदावतो. चार-पाच-चार-पाच असं एकेक आवर्तन अदलाबदल करत पंधरा मिनिटं. त्याच्याइतका कंटाळवाणा आणि कामाचा सराव दुसरा नाही. ५ फेब्रुवारीच्या सकाळी ‘शक्ती’ या बँडच्या अल्बमला ग्रॅमी मिळाल्याची बातमी आली, आणि ऑफिसात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं की तू ते काय पुटपुटत असतोस.

मार्चपासून हिशेब सुरू झाला, आणि तबला आडवा आला.

आपली तिहाई समेवर संपते. शेवटचा ‘धा’ समेवर पडला की दाद. तिकडे असा तीनदा म्हणायचा तुकडा समेच्या आधीच्या मात्रेला संपतो आणि समेवर पुढचं काहीतरी सुरू होतं, गाणं किंवा नवा बोल. म्हणजे आपल्या तिहाईत एक मात्रा जास्तीची असते. सरांनी पहिला गृहपाठ दिला: एक आवर्तन भर, तीन सारखे तुकडे आणि मध्ये दोन सारख्या जागा. माझं उत्तर तेहतीस मात्रांचं निघालं. बारा वर्षांच्या मुलाने ते बोटावर मोजून दाखवलं.

मधल्या जागेला कार्वै म्हणतात. तुकडा ‘क्ष’ मात्रांचा आणि कार्वै ‘ग’ मात्रांची धरली तर ३क्ष + २ग = ३२. क्ष सम संख्याच हवी. दहाचा तुकडा आणि एकची कार्वै. आठ आणि चार. सहा आणि सात. तिन्ही बेरजा बरोबर. पण सहा-सात सरांनी लाल पेनाने खोडलं: जागा तुकड्यापेक्षा मोठी झाली की ऐकणाऱ्याला वाटतं माणूस विसरला. आठ-चार ठेवलं. आठासाठी बोल ‘तक तदि-गिणतों’. यातली रेघ म्हणजे एक न बोललेली मात्रा.

या बोलाची गंमत थोडी थांबून सांगायला हवी. तदिगिणतों मुळात पाचाचा. मध्ये एक रेघ घातली की सहा: तदि-गिणतों. दोन घातल्या की सात: त-दि-गिणतों. नऊ हवे तर त-दि-गि-ण-तों. कुठल्याही आकड्याला आधी ‘तक’ लावला की दोन वाढतात. म्हणजे पाच अक्षरांत जवळपास हवा तो आकडा भरता येतो. पण पाचाचाच तुकडा तीनदा घेऊन समेपासून एक आवर्तन भरता येत नाही, कारण पंधरात कितीही सम संख्या मिळवा, बेरीज विषमच. त्याला उशिरा उचलायचं: सोळाव्या मात्रेपासून, एकेक मात्रेची कार्वै देऊन, सतरा मात्रा.

गणिताची चौकोनी वही घ्यावी, चाळीस-पन्नास रुपयांची. एका ओळीत सोळा चौकोन, दर चार चौकोनांनंतर जाड रेघ. दोन ओळी म्हणजे एक आवर्तन. न बोललेली मात्रा रिकामी न सोडता तिथे टिंब द्यावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती जागा आहे की लिहायचं राहिलं हे कळत नाही. माझ्या एका पानावर हे झालं आणि आठवडाभर मी एकसष्ट मात्रांची कोर्वै पाठ केली.

कोर्वै म्हणजे ओवणं. कार्वै आणि कोर्वै ही नावं सुरुवातीला हमखास उलटी पडतात. कोर्वैला पूर्वांग आणि उत्तरांग असे दोन भाग असतात. पूर्वांगात बहुधा एखादी यती, म्हणजे आकार, आणि उत्तरांगात तीनचा खेळ. गोपुच्छ यती शेपटीसारखी निमुळती होत जाते, स्रोतोवह नदीसारखी रुंदावते, मृदंग मध्ये फुगीर, डमरू मध्ये बारीक. एप्रिलमध्ये मिळालेली कोर्वै मी वर्षभराची शिदोरी म्हणून वापरली. ती अशी:

ता - दी - तकदिमि तकजुणु
दी - तकदिमि तकजुणु
तकदिमि तकजुणु

तदिगिणतों - -
तदिगिणतों तदिगिणतों - -
तदिगिणतों तदिगिणतों तदिगिणतों

वरच्या तीन ओळी बारा, दहा आणि आठ मात्रांच्या; दर वेळी डोक्याकडून दोन गळतात. बेरीज तीस. खाली पाच, दहा, पंधरा, आणि मधल्या दोन कार्वै दोन-दोन मात्रांच्या, बेरीज चौतीस. एकूण चौसष्ट, आदि तालाची बरोबर दोन आवर्तनं.

कागदावर पाच मिनिटांत कळतं. म्हणायला मे महिना अख्खा गेला. बिघडतं कुठे ते नेमकं सांगतो. दुसरी ओळ चौथ्या अक्षरावर, मधल्या बोटाबरोबर सुरू होते, तिथे चुकत नाही. तिसरी सहाव्या अक्षराच्या मध्यावर, हात उलटा पडल्यावर अर्ध्यात. उत्तरांग आठव्या अक्षराच्या मध्यावर. इथवर सगळं टाळीवर किंवा बरोब्बर अर्ध्यात असतं, म्हणून अंगाला सोयीचं. पुढे मात्र दुहेरी तदिगिणतों दुसऱ्या आवर्तनात करंगळीच्या लगेच पुढच्या मात्रेवर येतो, आणि तिहेरी पाचव्या टाळीच्या लगेच पुढच्या मात्रेवर. टाळी आणि बोल यांत पाव अक्षराचं अंतर. साठच्या लयीत ते पाव सेकंद. तोंड त्या टाळीकडे ओढलं जातं, कार्वैतली एक मात्रा गिळली जाते, आणि सम येण्याआधी माणूस मोकळा होतो.

उपाय दोन. एक, कार्वैत आधीचा ‘तों’ लांबवून बंद ओठांनी गुणगुणत ठेवायचा, गप्प बसायचं नाही. गप्प बसलं की मात्रा आखडते. दोन, सुरुवातीला टाळीची मात्रा मुद्दाम ‘म्’ म्हणून भरायची: म् तदिगिणतों. हात आणि ‘म्’ एकत्र पडले की पुढचा ‘त’ आपोआप जागेवर. दहा-बारा दिवसांनी ‘म्’ मनात न्यायचा. लय पन्नासपासून, चारचाराने वर. एका आकड्यावर सलग पाच वेळा न चुकता झाल्याशिवाय पुढे नाही. श्वास फक्त दोन कार्वैत. पूर्वांगात मध्ये श्वास घ्यायचा प्रयत्न केला की ‘तकजुणु’चा ‘णु’ जातो.

जून-जुलैत त्याच कोर्वैची सुरुवात न बदलता शेवट हलवायचा. गाणं दर वेळी समेवर सुरू होत नाही. ते जिथे उचललं जातं त्या जागेला एडुप्पु म्हणतात, आणि कोर्वै तिथे पोचायला हवी. समेनंतर अर्ध्या अक्षरावर एडुप्पु असेल तर चौसष्टऐवजी सहासष्ट मात्रा लागतात: दोन्ही कार्वै दोनाच्या तीन करायच्या. दीड अक्षरावर असेल तर सत्तर: कार्वै पाच-पाच. बोल तेच, फक्त जागा बदलते. शब्द बाजूला ठेवले तर साठ अधिक कार्वैची दुप्पट, एवढंच सूत्र. आणि मग लक्षात येतं की सत्तर हा मिश्र चापुलाही चालतो: सात अक्षरं, प्रत्येकी दोन मात्रा, चौदाचं आवर्तन, बरोबर पाच फेरे. त्या शनिवारी घरी येताना तिरुमयिलै ते वेळचेरी लोकलमध्ये सगळे ताल यात बसवून पाहिले. कणक्कुची चटक लागते म्हणतात ती अशी. रूपकम् बाराचा, तिथे कार्वै शून्य किंवा सहा. पण शून्य कार्वै ठेवली की श्वासाला जागाच उरत नाही, हे वहीत दिसत नाही, तोंडाने म्हणून पाहिल्यावर कळतं.

ऑगस्टमध्ये सरांनी ठरवलं की नवरात्रात मुलांचं वादन देवळाच्या मंडपात करायचं आणि मी मधली पाच मिनिटं म्हणायचं. देऊळ सरकारच्या धर्मादाय खात्याकडचं, त्यामुळे अर्ज कार्यकारी अधिकाऱ्याच्या नावे. तमिळमध्ये पत्र, भाग घेणाऱ्यांची नावं-वयं, सरांची सही, संपर्कासाठी एकाचं आधार. १९ ऑगस्टला ते दिलं. पोच घेतली नव्हती, म्हणून सप्टेंबरात ते सापडेना आणि पुन्हा दिलं. पोच घ्याच, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून. मंडपाला पैसे नाहीत. माईक आणि विजेचे पाचशे, पावतीसह. वेळ संध्याकाळी सातची मागितली होती, मिळाली पाच चाळीसची, वीस मिनिटं. विजयादशमीचा दिवस मागूच नये, तो विद्यारंभाच्या गर्दीत बुडालेला असतो.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. माईक एकच होता, तो तोंडापासून चार बोटं आणि किंचित बाजूला ठेवावा. समोर धरला तर प्रत्येक ‘त’चा फटाका होतो. टाळीचा आवाज माईकमध्ये जाऊ नये म्हणून मांडीवर दुमडलेला पंचा. सर समोर जमिनीवर बसून ताल देत होते. कोर्वै तीनदा म्हणायची होती.

पहिली सरळ गेली. दुसरीच्या पूर्वांगात आतल्या गाभाऱ्यात दीपाराधनेचं यंत्र सुरू झालं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मोटरवर चालणारा ढोल आणि घंटा एकाच चौकटीत बसवलेल्या, बटण दाबलं की मोटर थांबेपर्यंत एकाच ठेक्यात. तो ठेका माझ्या साठपेक्षा थोडा जलद होता. हात त्याच्याकडे वळला, शेवटची कार्वै दोनाची एक झाली, आणि मी समेआधी एक मात्रा उभा राहिलो. त्या एका मात्रेत सरांचा हात हवेत होता. तो खाली आला तेव्हा मी तिसरी सुरू केली, या वेळी त्यांच्या करंगळीवर डोळे ठेवून, कान बंद करून. चौसष्ट भरल्या.

उतरल्यावर सरांनी दुसऱ्या फेरीबद्दल काही विचारलं नाही, एवढंच म्हणाले की यंत्र अंदाजे सहासष्टवर होतं. शनिवारी, १२ ऑक्टोबरला, विजयादशमीचा नवा पाठ. वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी ‘खंड चापु’ लिहून दिलं: पाच अक्षरं, प्रत्येकी दोन मात्रा, दहाचं आवर्तन. कोर्वै तीच. कार्वै किती ठेवायची ते पुढच्या शनिवारी येऊन सांगायचं, आणि श्वास कुठे घेणार तेही.